आजोबांच्या वतीने

आजोबांना दुकान बंद करायचं होतं, आणि ही गोष्ट अख्ख्या जगात फक्त आजोबांना ठाऊक होती.

दुकान सोफे-खुर्च्यांच्या दुरुस्तीचं. खचलेल्या बैठका, बाहेर डोकावणाऱ्या स्प्रिंगा, मांजरांनी ओरबाडलेले सोफ्यांचे हात, असलं सगळं त्यांच्याकडे यायचं आणि पुन्हा नवरदेवासारखं सजून परत जायचं. जुनं कापड फाडून काढायचं, खालच्या पट्ट्या ताणायच्या, स्प्रिंगा सुतळीने बांधायच्या, वर फोम, वर कव्हर, आणि मग कडेने बारीक खिळे ठोकत जायचे. हे खिळे आजोबा तोंडात धरत. एकेक खिळा ओठातून काढायचा, ठोकायचा, पुढचा काढायचा. तोंडात मूठभर खिळे असलेला माणूस बोलणार काय? गिऱ्हाईक बडबडायचं आणि आजोबा मान हलवायचे. घरी येताना ते खिळे डब्यात ठेवून येत, पण न बोलण्याची सवय मात्र बरोबर घेऊन येत.

आता उजव्या हाताचा अंगठा त्यांच्याशी भांडायला लागला होता. गुडघे तर कधीचेच रुसलेले. सोफ्याखाली आडवं पडून काम केलं की उठताना त्यांना सोफ्याचाच आधार घ्यावा लागे. पुरे झालं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण सांगायचं कसं? घरात कुणीही पाहुणा आला की मुलगा अभिमानाने म्हणायचा, "बाबांचा जीव दुकानात आहे. दुकान सुटलं तर बाबा संपले." हे इतक्या वेळा, इतक्या लोकांसमोर म्हणून झालं होतं, की आता "माझा जीव दुकानात नाही रे बाळा, माझा जीव पलंगावर आहे" असं म्हणायची आजोबांना लाज वाटायची. मुलाचा एवढा सुंदर बाप मोडायचा कसा, असा तो पेच होता.

तेवढ्यात शेजारचा औषधवाला देवासारखा धावून आला. त्याला आपलं दुकान वाढवायचं होतं, मधली भिंत पाडायची होती, आणि आजोबांची जागा हवी होती. शहाणा माणूस. तो आजोबांकडे न जाता थेट मुलाकडे गेला. मुलगा म्हणाला, घरी बोलून सांगतो.

आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी मुलगा आणि सून खरंच बोलायला बसले. जेवणाच्या टेबलाशी, आवाज खाली आणून. आजोबा शेजारच्या गॅलरीत पेपर वाचत होते. म्हणजे पेपर हातात होता. वाचत होते ते कानांनी. दार अर्धं उघडं होतं. त्यांनी मनातल्या मनात सगळी तयारी करून ठेवली होती. मुलगा येऊन विचारेल. आपण आधी "छे, छे" म्हणायचं. मग जरा वेळ गप्प बसायचं. मग एक मोठा सुस्कारा, आणि "आता तुम्ही सगळे म्हणताय तर..." बस, सुटलो. सुस्कारा त्यांनी दोनदा टाकूनही पाहिला.

"बाबांना कसं सांगायचं हेच कळत नाही," मुलगा म्हणत होता.

"अरे, पण त्यांचा अंगठा बघितलास का?" सून म्हणाली. "चहाचा कप धरताना हात बदलतात. थकलेत ते."

आजोबांना सुनेचा एवढा अभिमान त्या दिवसापर्यंत कधी वाटला नव्हता.

"थांबा!" आतून नात आली. "तुम्ही खुर्ची ठेवलीच नाहीत!"

या नातीला घरात सगळे वकीलबाई म्हणत. नववं वर्ष लागलेलं, पुढचे केस डोळ्यांवर, आणि कुठल्याही गोष्टीवर "पण का?" हा प्रश्न तयार. तिच्या शाळेत आठवड्यातून एकदा विचारांचा तास असायचा. त्या तासाला मुलं गोल बसायची आणि वर्गाच्या बाई एखादा प्रश्न टाकायच्या. सगळ्यांचा नियम सगळ्यांनी पाळायचा, पण नियमच चुकीचा असेल तर? एकाचं नुकसान आणि बाकी सगळ्यांचा फायदा असेल तर चालेल का? बाई स्वतः कधीच उत्तर सांगायच्या नाहीत. काही पालकांना वाटायचं, बाईंना येत नसणार. त्या गोलात एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवलेली असायची. ज्याच्याबद्दल आपण ठरवतोय पण जो इथे नाही, त्याची ती खुर्ची. निर्णय घेण्याआधी कुणीतरी त्या खुर्चीत बसून त्याच्या वतीने बोललंच पाहिजे. मागे मधल्या सुट्टीत चेंडू कुठे खेळायचा याची चर्चा झाली, तेव्हा शाळेच्या भिंतीला लागून राहणाऱ्या नर्सची खुर्ची ठेवली होती. वकीलबाईच त्यात बसली, आणि रात्रपाळी करून दमलेली नर्स तिने अशी उभी केली, की सगळ्या वर्गाने त्या भिंतीकडे चेंडू टाकणं सोडलं. तेव्हापासून वकीलबाईचा वर्गात फार दबदबा होता.

तिने टेबलाची चौथी खुर्ची ओढून घेतली. फरशीवर खर्रकन आवाज झाला. "ही आजोबांची खुर्ची. त्यांच्याबद्दल ठरवताय ना? मग त्यांच्या वतीने मी बोलणार."

आजोबांनी पेपर खाली केला.

वकीलबाई खुर्चीत बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, अगदी आजोबा ठेवतात तसे. घसा खाकरला, तोही त्यांच्यासारखाच. "मी आजोबा आहे," ती म्हणाली. "मी फार बोलत नाही. पण मला माझं दुकान फार आवडतं. मी मोडक्या खुर्च्यांना बरं करतो. दुकान गेलं तर मी सकाळी उठून कुठे जाऊ? माणूस म्हातारा झाला म्हणून त्याची वस्तू त्याला न विचारता देऊन टाकायची का? तुमची वस्तू कुणी अशी दिली तर तुम्हाला चालेल?"

मुलाने नाक ओढलं. सून म्हणाली, "खरंय गं. आपण असा विचारच केला नाही."

गॅलरीत आजोबांनी पेपर तोंडावर घेतला. उठून आत जावं आणि सांगून टाकावं, इतकं सोपं होतं. पण बोलावल्याशिवाय कसं जायचं? आणि पोर काय सुंदर बोलली होती! एवढं सुंदर तर त्यांच्या बाजूने आजवर कुणीच बोललं नव्हतं. फक्त ती बाजू त्यांची नव्हती.

मग मुलगा गॅलरीत आला, डोळे ओले, आणि त्याने बापाला मिठी मारली. "बाबा, तुमचं दुकान कुठेही जाणार नाही. मी शब्द देतो."

"बरं," आजोबा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मुलगा नुसता शब्द देऊन थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण त्याला आता चेव चढला होता. त्याने दुकानाची नवी पाटी रंगवायला दिली. खिळे मारायचं हवेच्या दाबावर चालणारं यंत्र आणलं, म्हणजे बाबांना अजून कितीतरी वर्षं काम करता येईल. ते यंत्र पाहून आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाचं.

शेवटी त्यांनी हे आजीला सांगितलं. आजी झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून मशीनवर बसली होती. सोफ्यांची सगळी कव्हरं पहिल्यापासून तीच शिवायची. आजोबा संध्याकाळी मापं आणून द्यायचे आणि सकाळी शिवलेली कव्हरं घेऊन जायचे. तिने सगळं ऐकून घेतलं, दातांनी दोरा तोडला आणि विचारलं, "मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुला काय त्याचं? तू आपली घरात असतेस. तुला कसंही चालतं."

आजीने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मशीनकडे वळली. "पोरीला खरं ते सांगा," एवढंच म्हणाली.

सांगायचं तर होतं. पण वकीलबाईने वर्गात जाऊन आपला विजय सविस्तर सांगितला होता, वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या, आणि बाईंनी निरोप पाठवला होता: येत्या तासाला आजोबांना बोलवायला मुलांना आवडेल. ज्याची खुर्ची तो स्वतःच येऊन बसलाय, असं अजून एकदाही झालेलं नाही.

"आजोबा, तुम्हाला काहीच करायचं नाही," वकीलबाईने धीर दिला. "फक्त बसायचं आणि मी बरोबर बोलले म्हणून सांगायचं."

आजोबा ठेवणीतला शर्ट घालून शाळेत गेले. वर्गात शिरल्याबरोबर त्यांनी सवयीने खुर्च्या पाहिल्या. एकीची पाठ ढिली होती, एकीचा पाय आखूड. रिकामी खुर्ची मात्र बाईंनी मोठी आणून ठेवली होती. आजोबा तीत बसले आणि त्यांच्याभोवती गुडघ्याएवढ्या माणसांची सभा भरली. शेजारच्या खुर्चीत वकीलबाई, ताठ मानेने.

फळ्यावर प्रश्न लिहिला होता: दुसऱ्याच्या वतीने बोलता येतं का?

"येतं," पुढचे दोन दात पडलेला एक मुलगा म्हणाला. "बाळाच्या वतीने आई बोलते. बाळाला बोलता येत नाही म्हणून."

"पण आजोबांना तर बोलता येतं," दोन वेण्यांची मुलगी म्हणाली.

"बोलता येतं, पण ते बोलत नसले तर?"

"मग ती त्यांची चूक."

"का? त्यांना कुणी विचारलंच नसेल तर?"

"विचारलं नाही म्हणून गप्प बसायचं?" दोन वेण्यावाली तावातावाने म्हणाली. "ही आमची सगळ्यांची शाळा आहे, तर मला न विचारतासुद्धा मी बोलते!"

ते खरंच असावं, कारण बाईंनी हळूच कपाळाला हात लावला. आजोबांना वाटलं, ही पोरं आपल्याबद्दल बोलतायत की आपल्याला सोलतायत? इतकी वर्षं एवढे सोफे उघडून आतलं सगळं बाहेर काढलं. आज आपली पाळी.

मग दात पडलेल्या मुलाने थेट त्यांनाच विचारलं. "आजोबा, ती तुमच्या वतीने जे बोलली, ते बरोबर होतं का?"

वकीलबाईने हसून त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसण्यात उत्तर आधीच लिहून ठेवलेलं होतं. आजोबांनी फक्त मान हलवायची होती, आणि मान हलवण्यात तर त्यांचा जन्म गेला होता. हो म्हटलं की पोरीचं मन राहतं. नाही म्हटलं की तिचं तोंड एवढंसं होईल, तेही सगळ्या वर्गासमोर. पण हो म्हटलं की उद्या सकाळी पुन्हा तो सोफा, तो अंगठा आणि ते हवेचं यंत्र. आणि शिवाय, ज्या पोरीने आपल्यासाठी एवढी झुंज दिली, तिच्याशी खोटं बोलायचं?

"ती फार छान बोलली," आजोबा म्हणाले. "माझ्यासाठी एवढं प्रेमाने कुणी बोललं नव्हतं. पण..." त्यांनी घसा खाकरला. "पण मला दुकान बंद करायचंय. मी दमलोय."

वकीलबाईचं हसू आधी जागच्या जागी थांबलं आणि मग हळूहळू विरलं.

"म्हणजे मी खोटं बोलले?" तिने बाईंना विचारलं.

कुणीही दुसरी असती तर "नाही गं राणी" म्हणून जवळ घेतलं असतं. बाईंनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला, पण उत्तर त्याही वेळी दिलं नाही. गोलाकडे वळून म्हणाल्या, "काय वाटतं? चुकीचं बोलणं आणि खोटं बोलणं एकच का?"

"नाही," दोन वेण्यावाली लगेच म्हणाली. "तिला खरंच तसं वाटत होतं."

"ती प्रेमाने बोलली," दुसरं कुणीतरी म्हणालं.

दात पडलेल्या मुलाने जरा विचार केला. "पण प्रेमाने बोलली तरी आजोबांना दुकानात जावं लागतंच ना?"

आजोबांनी नकळत अंगठा चोळला.

वकीलबाईने बाहीला नाक पुसलं आणि आजोबांकडे वळली. हरली तरी वकीलच ती. "तुम्ही घरातच होतात ना? मग आत का नाही आलात?"

"मला कुणी हाक मारली नाही गं."

"मी खुर्ची ओढली तेव्हा आवाज झाला होता!"

"खुर्चीच्या आवाजाला हाक कशी म्हणायची?"

यावर वर्गात चांगलीच जुंपली. घरातल्या माणसाने न बोलावता यावं की त्याला बोलवावं, यात निम्मे आजोबांच्या बाजूचे आणि निम्मे विरुद्ध. शेवटी एक नवा नियम सगळ्यांना पटला: ज्याची खुर्ची आहे त्याला आधी हाक मारायची. तो येऊच शकत नसेल, तरच त्याच्या वतीने बोलायचं, आणि तेही त्याला विचारून. बाई म्हणाल्या, हे त्यांनाही सुचलं नव्हतं. मग कुणाला तरी एकदम ती नर्स आठवली. तिलाही कुणी विचारलं नव्हतं! सगळी वरात भिंतीला वळसा घालून तिच्या दाराशी गेली. नर्स बाहेर आली, सगळं ऐकलं आणि पोट धरून हसली. रात्रपाळी तिने केव्हाच सोडली होती. उलट, खिडकीत चेंडू आपटायचा का थांबला, मुलं कुठे गेली, म्हणून तिला चुकल्यासारखं वाटत होतं.

मग आजोबा आणि वकीलबाई घरी निघाले. नेहमी ती आजोबांचा हात धरून उड्या मारत चालायची. आज नुसती चालत होती. चौकाशी आल्यावर तिने विचारलं, "मग तुम्हाला काय हवंय?"

हा प्रश्न आजोबांना इतक्या सरळ कुणीच विचारला नव्हता. बोलायला लागले ते थांबेचनात. "सकाळी उशिरा उठायचं. मग मी आणि आजी बागेत फिरायला जाणार. आल्यावर मी पेपर वाचणार, ती माझ्यासमोर वाटाणे सोलत बसणार. दुपारी जरा झोप. मशीनबिशीन बंद. तिलाही आराम."

वकीलबाई रस्त्यातच थांबली. मागून येणारा एक सायकलवाला कसाबसा बाजूने निघून गेला.

"आजीला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? तिला चालतं."

वकीलबाईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तशाच नजरेने परवा मशीनवरून कुणीतरी पाहिलं होतं, हे आजोबांना आठवलं आणि त्यांचे कान तापले.

संध्याकाळी मुलगा आणि सून घरी आल्यावर आजोबांनी स्वतःच सगळं सांगितलं. मुलगा आधी खजील झाला, मग हसला, मग त्याने यंत्राची पावती कुठे ठेवलीय ते शोधायला सुरुवात केली. औषधवाल्याला उद्याच होकार कळवू, असं तो म्हणत होता, तेवढ्यात फरशीवर खर्रकन आवाज झाला.

"आजी!" वकीलबाई आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली. "आजी, बाहेर ये! तुझी खुर्ची आहे!"

मशीनचा आवाज थांबला. आजी बाहेर आली. साडीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, चष्मा कपाळावर. तिने खुर्चीकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं आणि बसली. तिच्यासाठी खुर्ची ओढलेली असण्याची तिला सवय नव्हती, त्यामुळे कडेलाच बसली.

"आजी, दुकान देऊन टाकायचं का? तुला काय वाटतं?"

"मला कशाला विचारतेस गं?"

"विचारायचा नियम आहे."

आजीने मांडीवरचा एक दोरा उचलला, बोटाला गुंडाळला. "मला दुकान हवंय," ती म्हणाली.

मुलगा पावती शोधायचा थांबला.

"इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून शिवतेय. तुमच्या दुकानाला काच आहे, समोर रस्ता आहे, माणसं जातात-येतात. मला माझं मशीन तिथे ठेवायचंय. सोफे नकोत मला, ते अवजड काम होणार नाही. कव्हरं शिवीन, पडदे शिवीन. लोकांशी बोलीन." मग तिने आजोबांकडे पाहिलं. "तुम्ही घरी बसा. दमला आहात, बसा. पण वाटाणे तुमचे तुम्हीच सोला."

सून खुदकन हसली आणि लगेच तोंडावर हात घेतला. वकीलबाई मात्र हसली नाही. ती आजोबांच्या तोंडाकडे बघत होती.

"अगं, पण कधी बोलली नाहीस!" आजोबा म्हणाले, आणि म्हणताक्षणीच त्यांना कळलं, की असंच काहीसं आज शाळेत आपल्यालाच ऐकवलं गेलं होतं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. तोंडात खिळे धरून ते गप्प बसले, हे तरी सगळ्यांना दिसत होतं. हिच्या तोंडात तर खिळेही नव्हते. हिच्या वतीने तेच बोलत आले होते.

औषधवाल्याला नकार गेला. आजीचं मशीन काचेपाशी आलं आणि मुलाची नवी पाटी वाया गेली नाही, फक्त तिच्यावर थोडं रंगकाम झालं. आजोबा उशिरा उठायला शिकले, ते त्यांना पहिल्याच दिवशी जमलं. वाटाणे सोलणं जमायला वेळ लागला. वकीलबाई शाळेतून आली की दोघं मिळून सोलायचे आणि तेव्हा ती "पण का?" असं विचारत राहायची. आजोबा आता मान न हलवता उत्तर द्यायचे.

एका दुपारी त्यांनी आजीसाठी चहा केला. तिला दुकानात नेऊन द्यायचा बेत होता. कप भरला आणि नेहमीच्या सवयीने दोन चमचे साखर घालायला हात पुढे गेला. कुणाच्याही घरी गेलं तरी आजीच्या आधी तेच सांगायचे, "हिला गोड लागतो." चमचा तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो परत डब्यात ठेवला, थर्मासमध्ये चहा ओतला, एका पुडीत साखर घेतली आणि दुकानाची वाट धरली.

आजी काचेपाशी शिवत होती. एका गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मोठ्याने हसत होती. गिऱ्हाईक गेल्यावर आजोबांनी कपात चहा ओतला आणि विचारलं, "साखर किती घालू?"

आजीचा मशीनवरचा पाय थांबला. चष्मा तिने कपाळावर सरकवला. तिने कपाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"थांबा हं," ती म्हणाली, "जरा आठवू दे."

आजोबा पुडी हातात धरून शेजारच्या खुर्चीत बसले आणि थांबले.